मागच्या वेळी किती तास?

कलम १. आपत्तीची सूचना मिळाल्यापासून वीस मिनिटांत नियोजन अधिकारी कार्यालयात हजर राहील.

ती अकरा मिनिटांत हजर झाली. स्वेटर उलटा, केस कसेतरी बांधलेले. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आरोग्य कार्यालयात तिच्याशिवाय फक्त पहारेकरी होता. त्याने दार उघडलं आणि विचारलं, "मॅडम, नळाला पाणी नाही, खरंय का?"

खरं होतं. पहाटे कुठल्याशा कारखान्याची टाकी फुटली आणि आतलं रसायन जलाशयात उतरलं. पाच चाळीसला शहराचा पाणीपुरवठा बंद करण्यात आला. निदान दोन दिवस तो सुरू होणार नव्हता. शेजारचं शहरही त्याच जलाशयावर, म्हणजे तिकडेही तीच बोंब.

कार्यालयात तिला सगळे कलमबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि आता आता तोंडावरही. तिचं काम एकच होतं: काय काय वाईट होऊ शकतं याचा सगळ्यांच्या आधी विचार करायचा आणि त्यावर कलम लिहून ठेवायचं. आग, भूकंप, साथ, संप, वीज जाणं. पाणी जाणं चौथ्या प्रकरणात होतं. संचालक साहेब प्रत्येक भाषणात सांगत, "आपण तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक नाही." टाळ्या पडत. ती मागच्या रांगेत बसून मान डोलवत असे.

आज तिने चौथं प्रकरण उघडलं. घोटभर पाण्याची चिंता तिला नव्हती, त्यासाठी बाटल्या होत्या. चिंता होती ती डायलिसिसची. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांचं रक्त एक दिवसाआड मशीनवर चार तास धुऊन घ्यावं लागतं, आणि एका माणसाच्या एका वेळेला तीनशे लिटर पाणी जातं. पाणी नाही तर मशीन नाही. मशीन नाही तर अंगात पोटॅशियम साठत जातं, आणि मग एका क्षणी, काही न सांगता, हृदय थांबतं. शहरात अशी चार केंद्रं. आज पाळी असलेली माणसं एकतीस.

एकतिसातली एक तिची ताई.

कलम ४.२. पाणीपुरवठा खंडित झाल्यास केंद्राने पिण्याच्या पाण्याच्या टँकरचालकाशी तात्काळ संपर्क साधावा. (क्रमांक परिशिष्टात.)

"मामा, मी आरोग्य कार्यालयातून बोलतेय. चार पूर्णांक दोन."

"बोला कलमबाई," टँकरवाले मामा म्हणाले. मागे गाडीचं इंजिन सुरू होतं. "पण आज तुमचा चौथा नंबर लागला."

"म्हणजे?"

"आधी पहिल्या केंद्राचा फोन आला. मग तिसऱ्याचा. मग चौथ्याचा. दुसरं केंद्र अजून झोपलेलं दिसतंय. सगळे एकच म्हणतात, मामा, चार पूर्णांक दोन. मी म्हटलं, अहो, मी एक, माझी गाडी एक. आता तुम्हीच सांगा, तोंड कुणीकडे करू?"

तिने परिशिष्टातला क्रमांक पुन्हा पाहिला. एकच होता.

"हॅलो? बाई, आहात ना?"

पिण्याच्या पाण्याचा, आतून स्टीलचा असा टँकर शहरात एकच होता. बाकीचे सगळे बांधकामाचे, आतून गंजलेले. ते पाणी रक्ताच्या जवळपाससुद्धा नेता आलं नसतं. हे तिला माहीत होतं. माहीत असूनही...

आता इथे जरा थांबून सांगायला हवं की घोडं कुठे पेंड खात होतं. दर वर्षी चारही केंद्रांवर आपत्तीची रंगीत तालीम होई. प्रत्येक तालमीला तिला स्वतः हजर राहायचं असे, हातात घड्याळ घेऊन. दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर तिचा भरवसा नव्हता. एक बाई चार ठिकाणी एकदम कशी असणार? म्हणून तिने तालमी चार दिवसांवर टाकल्या होत्या. सोमवारी पहिलं केंद्र, मंगळवारी दुसरं, बुधवारी तिसरं, गुरुवारी चौथं. चारही दिवस मामा वेळेवर आले. सव्वीस मिनिटं, चोवीस मिनिटं, पुन्हा चोवीस, एकदा फाटक लागलं म्हणून एकतीस. चारही अहवालांवर तिने खूण केली: टँकर उपलब्ध. खाली सही. सलग सहा वर्षं.

कागदावर शहरात चार टँकर होते. चारही एकच मामा चालवत होते. आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं, कारण तिने काम अगदी मन लावून केलं होतं.

"मामा," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, "भरून घ्या. कुठे यायचं ते मी दहा मिनिटांत सांगते."

"एका खेपेला चार हजार लिटर. बाहेरच्या विहिरीवरून भरून परत यायला तीन तास धरा. माझ्या हातात एवढंच आहे, बाई."

कलम ५. नियोजन अधिकारी वरिष्ठांना वस्तुस्थिती कळवेल.

साहेब दौऱ्यावर होते. "घाबरायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "योजना आहे ना आपली?"

"आहे, पण साहेब..."

"मग अंमलात आणा. त्यासाठीच तर लिहिलीय. तुम्हीच लिहिलीय!" ते हसले. फोन ठेवला.

ती योजनेची प्रत टेबलावर पालथी घालून तिच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागली. पाणी माणसांकडे न्यायचं नाही. माणसं पाण्याकडे आणायची. पहिल्या केंद्रात दहा मशीन. चार हजार लिटर म्हणजे दहा माणसं, वर मशीन धुण्यापुरतं. चार तासांऐवजी तीनच तास बसवायचं. तीन तासांनी दुसरी खेप, पुढची दहा. मग तिसरी खेप, उरलेली अकरा. एक जण ताटकळणार. रुग्णवाहिका चार, मोजून चार. त्या तिने आज खिडकीतून वाकून डोळ्यांनी मोजल्या.

आधी कोण, मग कोण?

कलम ६.१. प्राधान्यक्रम मागील उपचाराच्या तारखेवरून ठरवावा.

केंद्रांनी तक्ते पाठवले. क्रमांक, तारीख, हजर की गैरहजर. ज्यांची मागची पाळी चुकली होती ते वर, बाकीचे खाली. वीस मिनिटांत यादी तयार झाली. ताईचं नाव सत्ताविसावं. परवा हजर. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि सोडल्याची तिला लाजही वाटली. सत्ताविसावी म्हणजे तिसरी खेप, संध्याकाळचे चार. चालेल. परवाच तर झालंय. तिने ताईला फोन लावला.

"ताई, तुझी पाळी चारला. पहिल्या केंद्रावर. गाडी न्यायला येईल. तोवर फळं खाऊ नकोस, आणि पाणी पिऊ नकोस फार."

"बरं."

"एवढ्या शहाण्यासारखं बरं म्हणालीस? ताप आहे का?"

"बारके."

"काय?"

"आधी म्हण, चिडणार नाही."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "ताई, काय झालंय?"

"परवा मी पाऊण तासच बसले गं. शाळेचे साठ गणवेश शिवून द्यायचे होते. म्हटलं, ह्या मशीनवरून उठावं आणि त्या मशीनवर बसावं. त्या पोराला गोड बोलून सुई काढायला लावली."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"दीड तास असेल."

"ताई!"

"म्हटलं ना, चिडायचं नाही."

"आता कशी आहेस? खरं सांग."

"सकाळपासून पायात जीव नाही बघ. भिंतीला धरून आले फोनपर्यंत. ओठांना मुंग्या येतायत. आणि तोंडात टाचण्या धरल्यावर येते ना, तसली चव."

ही लक्षणं तिने स्वतः लिहिली होती. परिशिष्ट तीन. पायांतली ताकद जाणे, तोंडाभोवती मुंग्या. अशा रुग्णास तात्काळ.

तात्काळ. आणि यादीत सत्ताविसावी. कारण तक्त्यात तास नव्हतेच. हजर की गैरहजर, एवढंच. तासांचा रकाना पूर्वी होता. दोन वर्षांपूर्वी तो तिनेच काढला, कारण त्याच्यामुळे कागद आडवा होई, आणि साहेबांना बैठकीत आडवा कागद आवडत नसे.

यादी समोर होती. पेन हातात होतं. सत्तावीस खोडून तीन. बस्स. कोण विचारणार होतं? यादी तिची, योजना तिची, चूकही तिचीच. तीन म्हणजे दहावी बाई अकरावी होईल. दहावी कोण? पोस्टात तिकिटं विकणारी बाई, दुसरं केंद्र. तिच्या ओठांना मुंग्या येत नसतील. कशावरून येत नसतील?

तिने तीन लिहिलं.

मग त्या आकड्याकडे बघत बसली. ताई गोड बोलून उठली. गोड बोलणारी शहरात एकटी ताईच आहे का? हजर, हजर, हजर. एकतीस माणसं, आणि त्यातलं कोण खरोखर किती धुतलं गेलंय हे या कागदावर कुठेच नाही. पहिल्या दहांत बसणारे कदाचित उद्यापर्यंत टिकले असते. आणि तळाशी, शांतपणे घरी बसून, गाडीची वाट बघत कुणीतरी...

तिने चारही केंद्रांना फोन केले. "प्रत्येकाला विचारा. मागच्या वेळी किती तास बसलात, आणि त्याच्या आधी किती. विचारायचं, रागवायचं नाही."

"मॅडम, लोक खरं सांगतील?" तिसऱ्या केंद्राचा टेक्निशियन. ताईची सुई यानेच काढली असणार.

"घाबरवलं नाहीस तर सांगतील."

"मीच घाबरलोय, मॅडम."

"मग तसं सांग त्यांना. म्हण, मी घाबरलोय, मला खरं सांगा."

उत्तरं आली ती अशी:

चार.
चार.
तीन; शेवटची बस चुकली असती.
चार.
दोन. घरी सांगू नका.
चार, घड्याळ लावून बसतो मी.
एक. पायात पेटके आले.
चार.
तुम्हाला कशाला हवंय ते?
अडीच.
फोन उचलत नाहीत. (पुन्हा लावा. पुन्हा. शेजाऱ्यांना लावा.)
चार.
दीड. सूनबाई बाहेर ताटकळत होती हो, तिचं काम बुडत होतं.
चार...

एकूण नऊ जण निघाले अर्ध्यावर उठणारे. तिने नवी यादी केली. पाळीच चुकलेले, ताईहूनही कमी बसलेले, तिच्यासारख्याच मुंग्या येणारे असे अकरा जण तिच्याही वर आले. पोस्टातली बाई चौथी आली. ताई बारावी. तिने पुन्हा मोजलं. बारावी. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा अकरावी आली, आणि क्षणभर तिला बरं वाटलं, मग लक्षात आलं की मधलं एक नाव तिच्या हाताने आपोआप गाळलं होतं. तिने ते परत लिहिलं. बारावी.

पहिल्या खेपेला दहा.

*

साडेनऊला पहिल्या केंद्रात पहिली दहा माणसं मशीनवर बसली. उरलेले बाहेरच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. ताईला मात्र आत पलंगावर घेतलं, छातीला तारा लावून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि पडद्यावरची हृदयाची रेघ बघून त्यांचा चेहरा मुळीच तरुण राहिला नव्हता.

"किती वेळ काढेल?" कलमबाईने विचारलं.

"सांगता येत नाही. टोकं उंच झालीत. रेघ रुंद व्हायला लागली तर मला ओरडून हाक मारा. फक्त ओरडा, धावत शोधायला येऊ नका."

ती स्टुलावर बसली आणि रेघेकडे बघायला लागली. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक तिने काही पाहिलं नव्हतं. टोक, टोक, टोक.

"काय गं, सिनेमा लागलाय का तिथे?" ताई म्हणाली.

"बोलू नकोस."

"बोलू नको काय? जीभ चालतेय तोवर समजायचं, जिवंत आहे." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "त्या पोराला रागवू नकोस हं. मीच त्याला चार वेळा बाळा म्हटलं."

"ताई, मला सांगायचं तरी होतंस."

"तुला? तू घरीसुद्धा कलम लावतेस. जेवणानंतर किती वाजता गोळी, किती घोट पाणी. भीती वाटते तुझी."

बारा वाजले. साडेबारा. पहिले दहा उठले. पोस्टातली बाई जाताना भिंतीला न धरता चालत गेली. मशीन धुतली गेली, आणि टाकीच्या तळाशी खरवडल्यासारखा आवाज येऊन पाणी संपलं.

मामांचा पत्ता नव्हता. बारा चाळीसला फोन आला.

"बाई, चौकात लोकांनी गाडी अडवलीय. हंडे-बादल्या घेऊन रस्त्यात उभे आहेत."

"दवाखान्याचं पाणी आहे म्हणा!"

"म्हटलं. एक बाई म्हणाली, आमच्या लेकराला काय दवाखान्यात गेल्यावरच पाणी देणार का? काय बोलू सांगा."

या चौकासाठी कलम नव्हतं. तहानलेले लोक टँकरच अडवतील हे सहा वर्षांत तिला सुचलं नव्हतं. "कार्यालयात बाटल्यांचे चारशे खोके आहेत," ती म्हणाली, "रुग्णवाहिकेतून पाठवते, दहा मिनिटांत. त्यांना माझा आवाज ऐकवा." मामांनी फोन उंच धरला असावा, तिकडचा गलका एकदम मोठा झाला. त्या गलक्यात ती काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. एवढं आठवलं की शेवटी ती फक्त "माझी बहीण आहे हो, माझी बहीण आहे," असं म्हणत होती.

"बारके!" ताईचा आवाज विचित्र आला.

तिने पडद्याकडे पाहिलं. टोकं पसरली होती. वाळूत ओढलेल्या बोटासारखी रेघ, रुंद, मंद.

ती ओरडली.

डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं, सावकाश, घड्याळाकडे बघत. रेघ पुन्हा थोडी निमुळती झाली. "याने हृदयाला आधार मिळतो. पोटॅशियम तसंच आहे. अर्धा तास मिळाला असं समजा."

टँकर एक वाजून पाच मिनिटांनी आला. पाइप जोडला, टाकीत पाणी पडायला लागलं. टेक्निशियन, तोच, तिसऱ्या केंद्रावरून मदतीला आलेला, नमुन्याची बाटली भरू लागला.

"हे काय करतोयस?"

"क्लोरिनची तपासणी, मॅडम. मामा विहिरीवर औषध टाकतात ना. पाणी गाळणीतून यायला आणि तपासायला बारा मिनिटं."

बारा मिनिटं. राहू दे, असं ती म्हणणार होती. शब्द ओठांवर आले होते, आणि ती म्हणाली असती तर त्याने ऐकलंही असतं; तो ऐकणाराच होता, त्याची तीच तर खोड होती. क्लोरिन उरलेलं पाणी रक्ताला लागलं तर पेशी फुटून रक्त नासतं. ताईचं, आणि तिच्याबरोबर नऊ जणांचं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. टेक्निशियनने तिच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, आणि तो घड्याळ बघू लागला.

बारा मिनिटं ती रेघ बघत होती. ताईने डोळे मिटले होते, आणि आता ती काही बोलत नव्हती.

"पाणी स्वच्छ आहे," तो म्हणाला.

सुई गेली. नळीतून रक्त निघालं, गोल फिरून परत आलं. पाऊण तासाने टोकं खाली बसायला लागली. ताईने एक डोळा उघडून विचारलं, "किती झाले?" आणि उत्तराची वाट न बघता झोपली.

तेव्हा फोन वाजला. साहेब होते.

"वर एक ओळ कळवायचीय. 'परिस्थिती नियंत्रणात' असं लिहितो."

"अकरा माणसं अजून बाहेर बसली आहेत, साहेब. नियंत्रणात नाही असं लिहा."

"असं लिहिता येतं का कधी?"

"मग थांबा थोडं. संध्याकाळी लिहा." फोन तिने ठेवला. साहेबांच्या आधी फोन ठेवायची ही पहिलीच वेळ.

ती यादी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. अकरा माणसं एकदम उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता सगळे एकदम आपल्यावर ओरडणार. कुणीच ओरडलं नाही. ते नुसते बघत होते. त्यांच्याइतकंच घाबरलेलं या खोलीत आणखी कुणीतरी आहे, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तिसरी खेप साडेचारला. मामा निघालेत," ती म्हणाली. "कुणाला काही सांगायचंय का?"

कोपऱ्यात एक गृहस्थ उभे होते. यादीत शेवटचे, एकतिसावे. सकाळी फोनवर "चार, घड्याळ लावून बसतो मी," म्हणालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहरा राखेसारखा.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा बाजूला येता का?"

ती बाजूला गेली.

"ते सकाळी मी... सूनबाई शेजारीच उभी होती. तिच्यासमोर कसं सांगायचं? मी बसतच नाही हो. घरून डबा घेऊन निघतो, इथे येतो, हजेरी लावतो, आणि बागेत जाऊन बसतो. दोन वेळा झाल्या. सुईची फार भीती वाटते मला."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांचे गुडघे वाकत होते आणि ते त्यांना कळत नव्हतं.

तिने त्यांच्या काखेत खांदा घातला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून, सकाळपासून दुसऱ्यांदा, जीव खाऊन ओरडली.